पावसाळ्याआधी शेणखड्डा आणि गोठ्याच्या सांडपाण्याची टाकी नीट तपासून घ्या

पाऊस तोंडावर आला की पेरणीची धावपळ सुरू होते, बियाणं बघा, खत बघा, आणि गोठ्यामागच्या शेणखड्ड्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मग दोन मोठे पाऊस झाले की खड्डा भरून वाहतो आणि सगळा काळा पाझर ओढ्याला नाहीतर विहिरीला. म्हणून आत्ता, खड्डा कोरडा-अर्धा असतानाच एक दिवस काढा आणि टेप घेऊन खरंच मोजा, नुसत्या अंदाजावर जाऊ नका.

हिशोब सोपा आहे. समजा 10 मोठी दुभती जनावरं आहेत. एका जनावराचं शेण-मूत्र मिळून दिवसाला साधारण 35 लिटर धरा, म्हणजे 350 लिटर, आणि गोठा धुवायचं पाणी 500 लिटर. झाले 850. तीन महिने शेतात काही टाकता येणार नाही असं धरलं तर 76,500 लिटर साठवायला जागा पाहिजे. आता टाकी 6 मीटर लांब, 5 मीटर रुंद, 3 मीटर खोल असेल तर 90,000 लिटरची, मग वाटतं की झालं काम. पण वरची एक फूट म्हणजे 30 सेंटिमीटर जागा कायम रिकामीच ठेवायची असते, त्यात 9,000 गेले. तळाशी अर्धा मीटर गाळ बसलेला असेल तर अजून 15,000 गेले. उरले 66,000, म्हणजे पावसाचा एक थेंब पडायच्या आधीच टाकी कमी पडतेय! गाळ किती आहे ते कळायला लांब बांबू तळापर्यंत सोडून बघा, जिथून घट्ट लागायला लागतं तिथून खालचं सगळं गाळ. मात्र हे काठावर उभं राहूनच करायचं.

आणि आता पाऊस. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी होतं. तीन महिन्यांत 600 मिलिमीटर धरला तर उघड्या टाकीत सरळ वरून 18,000 लिटर पडणार. गोठ्याचा पत्रा 100 चौरस मीटरचा असेल आणि त्याचं पाणी टाकीकडे येत असेल तर अजून 60,000! म्हणजे जनावरांचं सगळं मिळून जेवढं होतं, पावसाचं पाणी त्याच्याही वर जातं. माझं तर स्पष्ट म्हणणं आहे की नवीन टाकी बांधायचा खर्च करण्याआधी हे स्वच्छ पाणी बाहेर काढा. पत्र्याला पन्हळ लावा, त्याचं पाणी पाईपने वेगळं न्या, खड्ड्याच्या वरच्या बाजूला चर मारून वाहून येणारं पाणी वळवा, आणि गोठा धुण्याआधी शेण फावड्याने खरडून घ्या, पाणी आपोआप कमी लागतं.

गळतीचं बघायचं तर टाकी साफ केल्यावर साध्या पाण्याने भरा, पातळीला खूण करा. शेजारीच उघड्यावर एक बादली भरून ठेवा आणि तिलाही खूण करा. दोन दिवस भर पडू देऊ नका, उपसू नका, पाऊसही नको. बादलीतलं पाणी जेवढं उतरलं ते वाफ होऊन गेलं, टाकीतलं त्याच्यापेक्षा बरंच जास्त उतरलं असेल तर कुठेतरी झिरपतंय, मग भेगा आणि पाईपचे जोड शोधायला लागा. मातीचा बांध असेल तर उंदरा-घुशींची बिळं, झाडांची मुळं आणि खचलेली कड बघा. बांधाच्या खालच्या बाजूला कोरड्या दिवसातही एखादा पट्टा ओला किंवा नुसताच हिरवागार दिसला तर तिथे पाझर आहेच असं समजून खणून बघा.

शेणाचा ढीग मारत असाल तर तो उंचवट्यावर, टणक तळावर, आणि वरून ताडपत्री. उघड्या ढिगातून पावसाबरोबर नत्र आणि पालाश (पोटॅश) ही पिकाची अन्नद्रव्यं धुऊन जातात, आणि मूत्र सुटं वाहू देणं म्हणजे तर खतच फेकून देणं, कारण जनावराच्या अंगातून बाहेर पडणारं पालाश बहुतेक मूत्रातच असतं.

विहीर किंवा बोअर उताराच्या खालच्या बाजूला असेल तर पाणी तपासून घ्याच, नायट्रेट आणि जंतू दोन्ही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे 50 मिलिग्रॅमच्या वर नको असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्याचा सगळ्यात जास्त धोका बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना असतो. ओढ्यात स्लरी, म्हणजे टाकीतलं शेण-मूत्र-पाण्याचं पातळ मिश्रण, गेली तर ती कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाते आणि मासे मरतात. म्हणून मोठा पाऊस येणार असेल तर टाकी रिकामी करायच्या घाईत शेतात स्लरी सोडू नका. भिंतीवर रंगाने रेघ मारून ठेवा, पातळी तिथे आली की उघडीप बघून उपसायचं.

उपसताना मात्र जीव सांभाळा. साठलेली स्लरी ढवळली की हायड्रोजन सल्फाइड वायू एकदम सुटतो. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो, त्यामुळे वास गेला म्हणजे धोका गेला असं अजिबात समजू नका. टाकी गोठ्याखाली असेल तर ढवळण्याआधी जनावरं आणि माणसं बाहेर काढा, दारं-खिडक्या सताड उघडा, वारा असलेला दिवस निवडा, आणि मिथेन असतो म्हणून जवळ विडी-काडी नको. आत उतरायचं नाही, अडकलेलं काही काढायला सुद्धा नाही. कुणी आत पडलंच तर मागोमाग उडी मारू नका, वाचवायला गेलेलेच असे कितीतरी जण गेलेत. बाहेरून दोर टाका आणि अग्निशमन दलाला फोन करा. आणि भोवती कुंपण नसेल, झाकण सैल असेल तर बाकीची मोजमापं नंतर, आधी ते काम उरकून घ्या.