गुडघे दुखायलेत? तेलाच्या बाटलीआधी मांडीकडं बघा

आमची माय खुरपायला बसली की उठताना आधी एक हात भुईला टेकायची, मग दुसरा गुडघ्यावर दाबायची आणि "आई गंऽ" म्हणत अर्धी उठून तशीच थोडा वेळ वाकून थांबायची. आपल्याकडं सोयाबीनची खुरपणी काय न कापूस वेचणी काय, सगळं उकिडवं नाहीतर कमरेत वाकून, त्यामुळं पन्नाशीच्या आतच बायकांचे गुडघे बोलायला लागतात. मायसोबत दोन वर्षं जे करून बघितलं आणि डॉक्टरांकडून जे शिकलो ते सांगतो.

एक्सरे बघून डॉक्टर म्हणतात "गॅप कमी झालाय", म्हणजे हाडांच्या टोकावरची गादी झिजली. ती परत भरून येत नाही, कारण तिला रक्तपुरवठाच नसतो, गुडघा हलला की आतल्या वंगणातूनच तिचं पोषण होतं, म्हणून दुखतंय म्हणून दिवसभर बाजेवर पडून राहिलं की उलट जास्त आखडतं. आणि पाय टेकल्यावर बसणारा हिसका मांडीचा पुढचा स्नायू झेलतो, तो ढिला पडला की सगळा भार सांध्यावर. म्हणून खरं काम तिथं करायचंय.

पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्यानं ती खाली दाबा, मांडी दगडासारखी घट्ट लागली पाहिजे, हात लावून बघा. पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. माय पहिल्या आठवड्यात टाचच दाबायची, मांडी मऊची मऊच, मग मी तिचाच हात मांडीवर ठेवला तेव्हा तिला कळलं. हे जमलं की उताणं झोपून एक पाय दुमडायचा, दुसरा सरळ ठेवून वीतभर उचलायचा, पाच मोजून हळू खाली. नंतर खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठबस, जमेल तेवढी. करताना थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशीही जास्तच ठणकत असेल तर आकडा निम्मा करा, बंद करू नका. फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात, लोक पंधरा दिवसांत सोडतात तिथंच सगळं फसतं.

शेकाचं म्हणाल तर सकाळी आखडलेल्या गुडघ्याला तव्यावर गरम केलेल्या मिठाची पुरचुंडी लई छान, आधी हाताला लावून बघा, शुगर असली तर जास्तच जपून, चटका कळत नाही. सूज आलेली, गरम लागणारी असेल तर मात्र शेक नको, फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं. करडईचं, तिळाचं तेल चोळल्यानं बरं वाटतं, जरूर चोळा, पण तेल गादीपर्यंत जात नाही. रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका, पाय तसाच वाकडा राहायची सवय लागते.

काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची. पायऱ्या चढताना चांगला पाय पुढं, उतरताना दुखरा. संडासला कमोडची खुर्ची घ्या, लाजायचं काही नाही त्यात. वजन जास्त असेल तर पाच किलो उतरलं तरी गुडघ्याला कळतं. वातूळ म्हणून वरण, हरभरा बंद करू नका, स्नायूला तेच लागतं, युरिक ॲसिडवाल्यांचं पथ्य वेगळं असतं.

गोळ्यांबद्दल कळकळीनं सांगतो. डायक्लोफिनॅकसारखी दुखणं दाबणारी गोळी रोज मनानं खाणं म्हणजे पोट आणि किडनी दोन्ही धोक्यात, त्यात आपला उन्हाळा बेचाळीस डिग्रीचा, रानात पाणी कमी प्यायलं जातं आणि वरून ही गोळी, किडनीवर दुहेरी मार. नाव नसलेल्या पुड्या तर नकोच नको, मायला एकानं दिलेल्या पुडीनं दोन दिवसांत आराम पडला, आम्ही खूश, महिन्यात तोंड सुजलं आणि शुगर वाढली, आत स्टेरॉईड होतं. कुणाचं स्टेरॉईड आधीच चालू असेल तर एकदम बंद पण करू नका, डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करायचं असतं.

एकच सांधा अचानक लाल-गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. सकाळी दोन्ही हातांची बोटं तासभर आखडत असतील तर तो आमवात असू शकतो, त्याचं औषध वेगळं आणि जितकं लवकर तितकं बरं. ताप येऊन गेल्यावर महिनोन्‌महिने सांधे धरले असतील तर चिकुनगुनिया झाला होता का ते बघा, 2006 च्या साथीत आपल्या गावागावांत असे लोक होते. संभाजीनगरच्या घाटीला, लातूरला, अंबाजोगाईला सरकारी मेडिकल कॉलेजात हाडांचा विभाग आहे, सकाळी ओपीडी गाठा आणि घरात जेवढी गोळ्यांची पाकिटं, पुड्या असतील तेवढ्या सगळ्या पिशवीत टाकून न्या.