पहिलं महायुद्ध अभ्यासायचंय? एक पलटण धरा

पहिल्या महायुद्धावर काम करायचंय म्हणून जी मुलंमुली भेटायला येतात, त्यांच्यात सरळ दोन गट दिसतात. काहींना तोफा, नकाशे, सेनापती यांत रस असतो. काहींना महागाई, शिपायांची पत्रं, घरी राहिलेल्या बायका, गाणी यांत. एकाला वाटतं दुसऱ्याचं काम किरकोळ, दुसऱ्याला वाटतं पहिला युद्धाच्या प्रेमात पडलाय. या विषयात बरीच वर्षं घालवल्यावर माझं मत पक्कं झालंय की ही वाटणी अभ्यासाचा गळा घोटते. पलटण त्या आठवड्यात कुठे होती आणि तिला रसद मिळत होती का, हे ठाऊक नसेल तर तिच्यातल्या शिपायाच्या पत्रातलं निम्मं कळत नाही. शिपाई कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा, अकरा रुपये पगारातले किती घरी धाडायचा, हे ठाऊक नसेल तर लढाईचा नकाशा म्हणजे नुसते बाण.

म्हणून नव्याने येणाऱ्याला माझा पहिला सल्ला असतो: अख्खं महायुद्ध अंगावर घेऊ नका. एक पलटण धरा आणि तिच्या मागे जा.

मराठी अभ्यासकाला ती शोधायला फार लांब जावं लागत नाही. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी इराणच्या आखाताच्या टोकाशी, इराकच्या किनाऱ्यावर फाओ इथे ब्रिटिश-हिंदी फौज उतरली. तिच्यात पुण्याच्या डिव्हिजनमधली ११७ वी मराठा पलटण होती. नोव्हेंबर संपायच्या आत बसरा हाती आलं. पुढच्या वर्षभरात ही सहावी पुणे डिव्हिजन तैग्रिसच्या काठाने वर सरकत गेली आणि बगदादच्या अलीकडे टेसिफोन इथे २२ नोव्हेंबर १९१५ ला तुर्कांशी तिची गाठ पडली. त्या लढाईत ब्रिटिश-हिंदी फौजेची चार हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड माघार घेत कूत-अल-अमारा या गावी आला आणि ७ डिसेंबरला तिथे वेढा पडला. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी त्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसांनी शरणागती पत्करली.

हा झाला लष्करी सांगाडा. तो पाठ करा, नकाशावर बोटाने फिरवा, नद्या आणि गावं डोळे मिटून आठवली पाहिजेत. खरा अभ्यास सुरू होतो तो वेढ्यात लोक काय खात होते, हा प्रश्न विचारल्यावर.

कूतमध्ये धान्य संपत आलं तसे घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी नकार दिला. त्यांचा शिधा म्हणजे मुख्यतः पीठ, तोही दर काही आठवड्यांनी कमी होत गेला. भाजीपाला नाही, मांस नाही, म्हणून हिंदी शिपायांमध्ये स्कर्व्ही पसरला: हिरड्या सुजून रक्त येणं, जखमा न भरणं. त्याच वेढ्यात गोऱ्या शिपायांना वेगळाच आजार झाला. ते पांढऱ्या पिठाचा पाव खात होते, त्यांना बेरीबेरी झाला, म्हणजे ब जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार. पुढे जवाचं भरड पीठ त्यांच्या वाट्याला आलं तेव्हा तो ओसरला. एकाच गावात, एकाच वेढ्यात, दोन ताटं आणि दोन रोग! हिंदुस्थानातून धर्मगुरूंची घोड्याचं मांस खायला हरकत नसल्याची संमती तारेने मागवली गेली. तरीही अनेक जण अडून बसले, कारण प्रश्न शास्त्राचा नव्हता, गावाचा होता. परत गेल्यावर वाळीत टाकतील, घरात कुणी मुलगी देणार नाही, ही भीती. अगदी शेवटच्या आठवड्यांत, एप्रिलमध्ये, बहुतेकांनी ते मांस तोंडाला लावलं. तोवर अंगातली ताकद गेली होती.

ही एक गोष्ट नीट समजून घ्या आणि मग स्वतःला विचारा: ही लष्करी इतिहासात घालायची, सामाजिक इतिहासात, की वैद्यकाच्या? वेढा किती दिवस टिकणार याचं सेनापतीचं गणित शिध्यावर, शिधा जातीवर आणि जात गावच्या पंगतीवर अवलंबून होती. बाहेरून कूत सोडवायला आलेल्या फौजेने जानेवारीपासून एप्रिलपर्यंत हल्ल्यामागून हल्ले केले आणि त्यात सुमारे तेवीस हजार माणसं गमावली. ते हल्ले घाईने का झाले, याचं एक उत्तर आतल्या कोठारांत किती धान्य उरलंय याच्या अंदाजांत सापडतं. विमानांतून धान्याची पोती टाकण्याचा प्रयोगही तिथे झाला. पुरला नाही.

आता साधनांकडे. पलटणीची वॉर डायरी हे तुमचं मुख्य साधन. रोज काय घडलं याची ती अधिकाऱ्याने लिहिलेली नोंद. लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ ९५ या मालिकेत त्या आहेत, बऱ्याच आता इंटरनेटवरही दिसतात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातही युद्धकाळातल्या डायऱ्या आहेत आणि 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर शोध घेता येतो. डायरी पहिल्यांदा उघडली की नवा माणूस हिरमुसतो. 'हवामान स्वच्छ, विशेष काही नाही' असं पानामागून पान. ही पानं उलटून टाकू नका. सलग वाचत गेलात की मधेच आजाऱ्यांचा आकडा वाढलेला दिसतो, खेचरं आली नाहीत म्हणून कूच रद्द झालेली दिसते. लढाईचं कारण अशा ओळींत असतं. फक्त हे ध्यानात ठेवा की डायरी गोऱ्या अधिकाऱ्याची आहे. तिच्यात गोरे अधिकारी नावाने येतात, हिंदी शिपाई बहुतेक आकड्याने.

नाव हवं असेल तर युद्धातल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत शोधा. तिथे पलटण आणि बऱ्याचदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा मिळतो. रत्नागिरी आणि सातारा ही नावं इतक्या वेळा येतात की कोकण आणि माणदेशाची अर्धी भूगोलपट्टी डोळ्यांपुढून सरकते. स्पेलिंग सैल आहे, कारकुनाला जसं ऐकू आलं तसं लिहिलंय. त्यामुळे एकच आडनाव चार-पाच प्रकारे टाइप करून पाहायचं. आणि बसऱ्याच्या स्मारकाची गोष्ट मुळातून समजून घ्या. चाळीस हजारांहून जास्त मृतांसाठी उभारलेल्या त्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार फक्त संख्या. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या राजवटीत ते स्मारक बसऱ्याहून नासिरियाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुमारे ३२ किलोमीटर दूर हलवलं गेलं. २०२१ मध्ये कमिशनच्याच चौकशी समितीने मान्य केलं की साम्राज्यातल्या हजारो सैनिकांना बरोबरीची आठवण दिली गेली नाही. मला हा दगडावरचा हिशेब अजूनही अस्वस्थ करतो, आणि अभ्यासकाने तो लिहिताना आवाज मऊ करायची गरज नाही.

गावात गेलात तर दोन वस्तूंवर लक्ष ठेवा. एक, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीतला संगमरवरी पाटा: या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, त्यांतले इतके कामी आले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचं नाव यासाठी सगळ्यांना ठाऊक आहे, तिथले ४६ जण त्या युद्धात कामी आले. पण असे पाटे इतरही बऱ्याच गावांत आहेत आणि त्यांवर चुन्याचे थर चढलेत. दुसरी वस्तू म्हणजे पदक. घरातल्या माणसाला ते हळूच आडवं धरून त्याची कड दाखवायला सांगा. ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेला शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. नखाच्या जाडीएवढ्या त्या कडेवर एका माणसाची आख्खी नोकरी वाचता येते. पदक चांदीचं की ब्राँझचं तेही पाहा. लढणाऱ्यांना चांदीचं मिळालं. हमाल, मजूर, खेचरवाले यांना बरेचदा ब्राँझचं. इराकमध्ये गेलेल्या सुमारे ५ लाख ८८ हजार हिंदी माणसांपैकी निम्मी अशी बिनलढाऊ होती. तुरुंगातल्या कैद्यांच्याही मजूर पलटणी करून पाठवल्या होत्या. यांच्यावर मराठीत जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही. प्रबंधाला विषय शोधणाऱ्यांनी इकडे यावं.

पत्रांबद्दल सावध करते. फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉर कचेरीने वाचली, त्यांतले उतारे इंग्रजीत केले आणि ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. अप्रतिम साधन. पण त्यात पंजाबी, पठाण, गढवाली आवाज भरपूर, मराठी फारच थोडा, कारण मराठा पलटणी मुख्यतः इराकात होत्या. शिवाय पत्र सेन्सॉर होणार हे शिपायांना ठाऊक होतं. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतायत, असं कुणी लिहितो तेव्हा तो हिंदी आणि गोऱ्या शिपायांबद्दल बोलत असतो. जर्मनीत वुन्सडॉर्फच्या कैदी छावणीत हिंदी कैद्यांचे आवाज तबकड्यांवर घेतले गेले, ते बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात आहेत. ते ऐका. अनुवादातून गाळून आलेलं पत्र आणि माणसाचा श्वास यांतला फरक तिथे कळतो.

घरच्या आघाडीसाठी मुंबई-पुणं पुरेसं आहे. मुंबईच्या पुराभिलेख संचालनालयात सरकारी फायली, पुण्यात 'केसरी' आणि 'ज्ञानप्रकाश'चे जुने अंक. १० जून १९१८ ला मुंबईत गव्हर्नर विलिंग्डनने युद्ध परिषद भरवली आणि स्वराज्याचा विषय काढताच टिळकांना बोलू दिलं नाही. ते उठून बाहेर पडले. त्या आठवड्याचे अंक काढून वाचा. तेच अंक उलटताना धान्याचे भाव, कापडाची टंचाई, पहिल्यांदा निघालेली एक रुपयाची नोट हेही भेटेल. चांदी कमी पडली म्हणून ती नोव्हेंबर १९१७ मध्ये काढावी लागली, आणि लोकांचा विश्वास बसावा म्हणून तिच्यावर नाण्याचंच चित्र छापलं. परिषद झाली त्याच जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीत इन्फ्लुएंझा उतरला. युद्धात सुमारे ७४ हजार हिंदी सैनिक मेले. त्या साथीत देशभर मेलेल्यांचा अंदाज सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहून वर जातो. आज जिथे आपण काळा घोड्याला मूर्ती बघायला जातो, त्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या नव्याकोऱ्या इमारतीत तेव्हा लष्करी इस्पितळ होतं.

मोडी शिकाच. त्या काळातली घरगुती आणि गावपातळीवरची पुष्कळ कागदपत्रं मोडीत आहेत, आणि पुराभिलेख संचालनालय मोडीची परीक्षाही घेतं. इंग्रजी लष्करी संक्षेपांची स्वतःची वही करा. शक्य असेल त्याने तुर्की शिकावी. ही मोहीम दोन बाजूंनी वाचणारा मराठी माणूस मला अजून भेटायचाय. नोकरीचं विचाराल तर फक्त 'पहिलं महायुद्ध' या पाटीवर जागा निघत नाहीत. इतिहासाचं प्राध्यापकपण, अभिलेखागारं, संग्रहालयं, पुणे विद्यापीठासारखे संरक्षणशास्त्राचे विभाग, आणि आजोबा-पणजोबांचा शोध घेणाऱ्या कुटुंबांसाठी केलेलं संशोधन, अशा वाटांनी लोक पोट भरतात. नेट-सेट आधी उरका, मग निवांत दप्तरं चाळा.

शेवटचं, तारखेबद्दल. प्रबंधाच्या नावात '१९१४ ते १९१८' लिहिण्याआधी थांबा. १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली होती. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून महार समाजाचे पुढारी शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये सरकारकडे अर्ज केला. दाद लागली नाही. मग युद्धात माणसं कमी पडू लागली आणि १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, गरज संपली, १९२१ मध्ये ती मोडली. पुढची महार पलटण उभी राहायला ऑक्टोबर १९४१ उजाडला, तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. हा विषय घेणाऱ्याला अर्ज, भरतीचे हुकूम आणि पलटण मोडल्याचे कागद तिन्ही लागतील, आणि ते वेगवेगळ्या वर्षांच्या फायलींत आहेत.