टँकमधलं कोरल मिटून बसलं, तर काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

खाऱ्या पाण्याच्या फिशटँकमधलं कोरल, म्हणजे प्रवाळ, दोन दिवस उघडलं नाही की हात बाटलीकडे जातो. आयोडीन, ट्रेस एलिमेंट, कोरल फूड, काहीतरी ओतलं की बरं वाटतं. कोरलला नव्हे, आपल्याला. घरच्या टँकमध्ये कोरल खंगतं ते बहुतेक वेळा एखादा आकडा थोडा चुकला म्हणून नाही, तर तो रोज वरखाली होत राहिला म्हणून. तेव्हा पहिले तीन दिवस चालू डोसिंग (रोज घालायची खनिजं) तसंच ठेवा, नवं काही घालू नका आणि फक्त मोजा. अपवाद एकच: मांस काही तासांत सोलवटून निघत असेल, तर सरळ कात्रीच्या परिच्छेदाकडे जा.

खारटपणा. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या, म्हणजे हजार भागांत ३५ भाग मीठ असलेल्या, कॅलिब्रेशन द्रावणाने जुळवून घ्या. आरओच्या पाण्याने शून्य जुळतं, पण तोच मीटर ३५पाशी चुकलेला असू शकतो. हवंय ३५ पीपीटी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६. ३८ निघालं तर घाबरून एका दिवसात खाली ओढू नका. १०० लिटरमागे सुमारे अडीच लिटर खारं पाणी काढून तेवढंच आरओ-डीआयचं (आरओनंतर रेझिनमधून गाळून उरलेले क्षारही काढलेलं पाणी) घातलं की एक पीपीटी उतरतो. दिवसाला एवढंच पुरे.

टॉप-अपचं पाणी, म्हणजे बाष्पीभवनाने उडालेल्याच्या जागी घालायचं पाणी. मुंबईत इथे बरेच जण फसतात. तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी नळाला येतं, टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर आकडा कमी दिसतो, मग आरओ-डीआय कशाला, असं वाटतं. पण मीटर क्लोरीन दाखवत नाही. जुन्या पाइपातून उतरलेलं तांबंही त्या आकड्यात वेगळं ओळखू येत नाही आणि कोरलला मात्र ते जरासंही बाधतं. त्यात सोसायटीत टँकर आला की टाकीतलं पाणी एका दिवसात निराळंच होतं. डीआयनंतर आकडा ० हवा. १ दिसला की रेझिन बदला. स्वयंपाकघरातला आरओही चालत नाही, कारण त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी खनिजं परत मिसळतात.

तापमान. सकाळी सहा, दुपारी तीन, रात्री अकरा अशा तीन नोंदी घ्या. २५–२६ अंश उत्तम. रात्री एसी आणि दिवसा बंद खोली असेल, तर चार अंशांचा हेलकावा सहज निघतो. पृष्ठभागावर पंखा लावला की मार्च-एप्रिलमध्ये दोन-तीन अंश उतरतात. जुलैच्या दमट हवेत बाष्पीभवन फारसं होत नाही, मग तोच पंखा नुसता फिरतो. चिलर असेल तर त्याची गरम हवा खोलीबाहेर जातेय का बघा. टँकखालच्या बंद कपाटात कोंबलेला चिलर स्वतःच सोडलेली गरम हवा ओढत बसतो.

अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. रोज एकाच वेळी, एकाच किटने, सलग तीन दिवस मोजा. ८ ते ९ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) हवं. कॅल्शियम ४००–४५० आणि मॅग्नेशियम १२५०–१३५० पीपीएम. रोज अर्धा डीकेएच घटत असेल तर तेवढीच भर रोज घालायची, रविवारी एकदम नाही. १०० लिटरला १ डीकेएच वाढवायला साधारण ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. बेकिंग पावडर नव्हे! लिटर मोजताना खडक-वाळूची जागा वजा करा. आरओ-डीआयच्या पाण्यात विरघळवून जोराच्या प्रवाहात थेंबाथेंबाने सोडा आणि दिवसाला १ डीकेएचच्या वर जाऊ नका. कोरलची टोकं जळाल्यासारखी पांढरी दिसत असतील, तर नायट्रेट-फॉस्फेटही तपासा. दोन्ही शून्यावर आणि अल्कलिनिटी १०–११, ही जोडी टोकं जाळते. 'स्वच्छ' पाण्याचा अट्टाहास इथे महागात पडतो: नायट्रेट २–१०, फॉस्फेट ०.०३–०.१ पीपीएम असू द्या.

घरातली हवा. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) खोलीतली हवा ओढून पाण्यात घोळतो. डास मारायचं लिक्विड, झुरळांचा स्प्रे, पावसाळ्यात सोसायटीतली धूर फवारणी, दिवाळीआधीचा रंग, सगळं त्यातून आत जातं. फवारणीच्या वेळी खिडक्या लावून स्किमर बंद ठेवा. शंका असेल तर १०० लिटरला तीन-चार टेबलस्पून धुतलेला ॲक्टिव्हेटेड कार्बन (पाणी शुद्ध करणारा कोळसा) लावा. लेदर आणि मशरूम कोरल पाण्यात सोडतात ती रसायनंही त्याने निघतात.

आता कोरलकडे बघा. सगळं पांढरं पण मांस शाबूत असेल, तर उष्णता किंवा प्रकाश जास्त झालाय: दिवा निम्म्यावर आणा, तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवा. तपकिरी पडलं असेल तर उलट, प्रकाश कमी किंवा पोषक द्रव्यं जास्त. एकाच बाजूने झडत असेल तर शेजारी बघा. रात्री काही कोरलचे डंख मारणारे तंतू बोटभर लांब येतात. दिवे गेल्यावर तासाभराने लाल टॉर्च मारली की खेकडे, गोगलगायीही सापडतात. कीड दिसली तर टँकच्याच पाण्यात, बाटलीवरच्या मापाने आणि वेळेने डिप द्या, म्हणजे कीड मारणाऱ्या द्रावणात बुडवा, दुसऱ्या बादलीत खळबळा. डिपचं पाणी टँकमध्ये परत नको.

कात्री. बुडापासून मांस सुटत असेल तर निरोगी भागात एक सेंटिमीटर आत कापा, सुपरग्लू जेलने प्लगवर (तुकडा बसवायची छोटी चकती) चिकटवा, मध्यम प्रवाहात ठेवा. झोअँथिड (बटणासारख्या मऊ पॉलिप्सचं कोरल) कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. ते चिकटलेला खडक कधीही उकळू किंवा घासू नका.

गेलेल्या कोरलच्या जागी नवं घेताना ते कायदेशीर असल्याचे कागद मागा. भारतीय समुद्रातली खडक बांधणारी सगळी प्रवाळं, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीला दिसतात तीही त्यातलीच. तिथलं पाणीसुद्धा टँकसाठी आणू नका, त्यात सांडपाणी मिसळलेलं असतं.