फुलोऱ्यातलं तण आत्ताच उपटा : पुढच्या खरिपाचं निंदण इथेच वाचतं

सोयाबीन शेंगा भरतंय, कपाशीला बोंडं लागलीत, तुरीने ओळी झाकायला घेतल्यात. निंदण-खुरपण केव्हाच आटोपलं. तरी पिकाच्या वर डोकं काढून उभा असलेला कुरडू, ओळीत पसरलेला केना आणि बांधावरचं पांढऱ्या फुलांचं गाजर गवत दिसतंच. ‘आता त्याने पिकाचं काय बिघडणार’ म्हणून ते राहू दिलं जातं. या हंगामापुरतं ते बरोबरही आहे. सोयाबीनला तणाची खरी झळ पहिल्या ३० ते ४५ दिवसांत बसते, नंतर उत्पादनात फार फरक पडत नाही. पण भाद्रपद-आश्विनात उरलेलं तण बी धरतं आणि तेच बी पुढची कित्येक वर्षं मजुरी मागत राहतं.

अशा तणावर आता तणनाशक फवारू नका. इमॅझेथापायर १० टक्के (हेक्टरी १ लिटर) किंवा क्विझालोफॉप इथाइल ५ टक्के (हेक्टरी १ लिटर) ही औषधं पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी, तण दोन-चार पानांचं असताना काम करतात. फुलावर आलेल्या जून झाडाची पानं पिवळी पडतात, पण बी तयार होतच राहतं. शिवाय काढणीच्या तोंडावर मारलेल्या औषधाचा अंश दाण्यात उतरण्याची भीती असते. या वेळी हात आणि विळा हाच उपाय.

पाऊस पडून गेल्यावर, जमीन मऊ असताना शेतात फिरा. फुलं आलेली झाडं मुळासकट ओढा आणि गोणीत भरून बाहेर न्या. ओळीत टाकून देऊ नका, कारण फुलाला आलेली काही तणं उपटल्यावरही अंगातल्या ओलाव्यावर बी पिकवतात. घोळ नावाचं तण यात सर्वांत चिवट. तिची मांसल खोडं ओलसर मातीत पडली तर पुन्हा मूळही धरतात.

केन्याकडे नीट बघा, कारण तो दोन ठिकाणी बी धरतो. वर निळी फुलं येतात, ती सगळ्यांना दिसतात. पण रोप जुनं झालं की बुडाशी पांढरट दोऱ्यासारख्या फांद्या जमिनीत शिरतात. त्यांना न उमलणारी फुलं लागतात आणि मातीतच बी तयार होतं. हे बी वरच्यापेक्षा मोठं असल्याने जास्त खोलीवरून उगवतं. म्हणून जुना केना नुसता वरून खेचला तर निम्मं काम मागे राहतं. खुरप्याने बुडाखालची माती सैल करा, मग पांढऱ्या फांद्यांसकट उपटा. कोळप्याने त्याचे तुकडे झाले आणि चार दिवस ढगाळ हवा राहिली, तर प्रत्येक पेर मूळ धरतो. उपटलेला केना बांधावरच्या मातीवर रचू नका, खडकावर किंवा ताडपत्रीवर वाळवा. बी धरण्याआधीचा असेल तर गुरांना घाला.

गाजर गवत पुण्यात १९५५ च्या सुमारास लक्षात आलं आणि तिथून देशभर गेलं. एक झाड हजारो हलकी बिया टाकतं. त्या पाण्याबरोबर, चाकांच्या चिखलाबरोबर आणि वाहतुकीच्या मालाबरोबर जातात. हातमोजे घालून, अंग झाकून फुलं येण्यापूर्वीच उपटा. त्वचेला खाज आणि ॲलर्जी होते, हे गंभीरपणे घ्या. फुलं यायच्या आधीचं गवत कंपोस्टच्या खड्ड्यात चालतं, फुलांचं चालत नाही. मेक्सिकन भुंगा दिसत असेल तर ते ठिकाण तसंच राहू द्या. पावसाळ्यात तो पानं खाऊन झाड उघडं करतो.

ज्वारीत टारफुला (पिकाच्या मुळांना चिकटून त्यांच्यावर जगणारं तण) असेल तर फुलण्याआधीच उपटा. त्याचं बी धुळीइतकं बारीक असतं. यजमान पिकाच्या मुळांतून पाझरणारा स्राव मिळेपर्यंत ते दहा वर्षांहून जास्त काळ जमिनीत पडून राहतं. अशा शेतात पुढे कापूस, भुईमूग किंवा सूर्यफूल घ्या. त्यांच्या मुळांच्या स्रावाने टारफुल्याचं बी उगवतं, पण चिकटायला योग्य मूळ न मिळाल्याने मरतं.

आता काढणी. हार्वेस्टर या शेतातून त्या शेतात तणाचं बी घेऊन जातो आणि मागच्या भुशाबरोबर पूर्ण शेतात पसरतो. यंत्र बांधावर आलं की कटर, सरकपट्टी, टाकी आणि चाकांची माती साफ करून घ्या. पंखा जोरात ठेवून ते थोडा वेळ रिकामं चालवा. तुमच्या शेतात तणाचा पट्टा असेल तर तो सर्वांत शेवटी काढा, माल वेगळा ठेवा आणि त्यातलं बियाणं राखू नका. मळणीनंतर चाळणीखाली उरलेला बारीक माल उकिरड्यावर जाऊ देऊ नका. त्यातलंच बी पुढच्या वर्षी शेणखतातून शेतात परत येतं.

शेणखताचंही तसंच. गुरांच्या पोटातून गेलेलं बरंच बी जिवंत राहतं. ढिगाचं आतलं तापमान ५५ ते ६० अंशांवर काही दिवस टिकलं तरच ते मरतं. कडेचा भाग थंड राहतो, म्हणून ढीग दोन-तीन वेळा उलथून कडेचं आत घालावं लागतं. खात्री करायची असेल तर पसरट पाटीत दोन इंच खत घ्या, ओलं ठेवा आणि पंधरा दिवस बघा. कोंब दिसले तर खत अजून मुरू द्या.

हरळी आणि लव्हाळा यांचा बियांपेक्षा गाठी-खोडांवर भर असतो. लव्हाळ्याच्या गाठी साखळीने जोडलेल्या असतात. टोकाच्या कोंबामुळे बाकीच्या शांत राहतात आणि साखळी तुटली की प्रत्येक गाठ उगवते. म्हणून अशा शेतात सोयाबीन निघताच ओल्या जमिनीत रोटाव्हेटर फिरवू नका. त्याने एका हरळीच्या शंभर होतात. उन्हाळ्यात खोल नांगरून ढेकळं तापू द्या आणि वखरामागे खोडं वेचून बाहेर काढा. उसात लव्हाळा असेल तर तो तीन ते पाच पानांचा असताना हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के हे तणनाशक, एकरी ३६ ग्रॅम, पुरेशा पाण्यातून फ्लॅट फॅन (पंख्यासारखा सपाट फवारा देणाऱ्या) नोझलने मारता येतं.

रब्बीला हरभरा-गहू पेरायचा असेल आणि वेळ असेल तर आधी पाणी द्या. वाफसा आला की तणाचे कोंब उगवू द्या, आठ-दहा दिवसांत हलकी वखरपाळी मारा आणि मगच पेरा. पाळी दोन इंचांपेक्षा खोल जाऊ देऊ नका. बारीक बी वरच्या थरातूनच उगवतं आणि खोल वखर खालचं झोपलेलं बी उजेडात आणतो.