क्लायंटसोबत भागीदारी करताय? या चुका टाळा

"तुम्ही आता घरचेच झालात, पार्टनर म्हणूनच या ना!" काम चांगलं जमलं की क्लायंटकडून हा प्रस्ताव कधी ना कधी येतोच. सरसकट नकार द्या असं माझं म्हणणं नाही. पण सल्लागार म्हणून वावरलो म्हणजे धंदा आतून-बाहेरून कळला, हा समज आधी सोडा. सल्लागाराला तेवढंच दिसतं, जेवढं क्लायंट दाखवतो.

थकलेल्या बिलापोटी हिस्सा घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. "आत्ता पैसे नाहीत, त्याऐवजी १० टक्के घ्या." ज्या धंद्याला तुमची फी परवडत नाही, त्याचे १० टक्के म्हणजे नेमके कशाचे? शिवाय किंमत ठरवणारा तोच असतो. त्यात अनेक देशांत फीऐवजी मिळालेले शेअर्स उत्पन्नात धरले जातात. म्हणजे हातात रोकड नाही आणि कर मात्र खिशातून. आधी बिलाचे हप्ते लेखी ठरवून घ्या. भागीदारीची बोलणी वेगळी आणि नंतर.

ओळखीवर विसंबून हिशेब न मागणं

मार्केटिंगचा सल्लागार विक्रीचे आकडे तोंडपाठ सांगतो, पण कर्जाचे कागद त्याने कधी पाहिलेले नसतात. अनोळखी धंद्यात पैसे घालताना मागाल ते सगळं इथेही मागा: मागच्या ३ वर्षांचे ताळेबंद, बँक स्टेटमेंट, थकलेले कर, चालू दावे. त्यातही येणी, म्हणजे ग्राहकांकडून यायचे बाकी पैसे, नीट बघा. विक्री वाढतेय आणि येणी त्याहून वेगाने वाढतायत, तर नफा कागदावर आहे, बँकेत नाही. एकाच ग्राहकावर निम्मी विक्री अवलंबून असेल तर त्याच्यासोबतचा करारही वाचा. कागद मागितल्यावर "आमच्यावर विश्वास नाही का?" असं ऐकू आलं, तर मी तिथेच थांबेन.

टक्केवारी ठरली की सगळं ठरलं असं मानणं

तुमचे १० टक्के आहेत. नवा गुंतवणूकदार आला, त्याला नव्याने काढलेल्या शेअर्समधून कंपनीचा २० टक्के हिस्सा मिळाला, की तुमचे ८ उरतात. त्याला तुमची संमती लागेल का? बाहेर पडायचं झालं तर हिस्सा कोण घेईल, किंमत कोण ठरवेल? हे करारात नसेल तर तो हिस्सा विकता न येणारा कागद ठरतो. ५०-५० ऐकायला छान, पण मतभेद झाला की निर्णय अडतो. तिढा कसा सोडवायचा, तेही लिहून ठेवा. हिस्सा टप्प्याटप्प्याने मिळावा. स्टार्टअपमध्ये ४ वर्षांचा कालावधी रूढ आहे, आणि पहिलं वर्ष पुरं होण्याआधी काहीच मिळत नाही. साध्या भागीदारीत फर्मच्या कर्जासाठी तुमची वैयक्तिक मालमत्ताही अडकू शकते, म्हणून कंपनी की भागीदारी, हा प्रश्न वकिलाला आधी विचारा.

दोन्ही भूमिका चालू ठेवणं

भागीदार झाल्यावरही फीचं बिल लावत राहिलात तर दुसरा भागीदार कुरकुरणारच. त्याच क्षेत्रातले तुमचे बाकीचे क्लायंटही सावध होतील, आणि ते बरोबरच आहे. त्यांची गुपितं तुमच्याकडे आहेत. त्यांना स्वतःहून सांगा, बाहेरून कळू देऊ नका. ऑडिटरने तर हा विचारच करू नये, ज्याचं ऑडिट करतो त्या कंपनीत त्याला हिस्सा ठेवता येत नाही.

आधीच अडकला असाल तर

तोंडी ठरलेलं सगळं आजच ईमेलने लिहून पाठवा: "आपलं असं ठरलं होतं, काही वेगळं असल्यास कळवा." उत्तर आलं नाही तरी तारखेसह नोंद राहते. सल्ल्याचे तास आणि भागीदार म्हणून केलेलं काम वेगळं मांडा. धंद्याच्या कर्जासाठी बँकेच्या हमीपत्रावर सही अजून केली नसेल तर करू नका; झाली असेल तर बाहेर पडण्याच्या करारात ती सोडवून घेण्याची अट घाला, कारण हिस्सा विकला तरी हमी आपोआप सुटत नाही. हिश्श्याची किंमत दोघांना मान्य असलेल्या तिसऱ्या मूल्यांककाकडून काढून घ्या.

आणि मालकी नकोच, फक्त वाढीतला वाटा हवा असेल, तर कमी मूळ फी आणि ठरलेला निकाल आल्यावर जादा रक्कम, असा करार करा. त्यात निकाल कोणत्या आकड्यावर मोजायचा ते मात्र स्पष्ट लिहा. 'नफा' म्हणाल तर त्यातून मालकाचा पगार वजा होणार की नाही, इथपासून वाद सुरू होतो. विक्रीचा आकडा धरणं सोपं पडतं.