कॉर्डिसेप्सच्या पावडरमधला भात कसा शोधला

कॉर्डिसेप्स मिलिटारिस ही औषधी म्हणून विकली जाणारी बुरशी (मशरूम) आपल्याकडे बरेच जण बरणीत, ब्राउन राइसवर वाढवतात. आमच्या पावडरचा फिनॉल-सल्फ्युरिक आम्ल पद्धतीचा रिपोर्ट आला, तेव्हा पॉलिसॅकराइडचा (साखरेच्या लांब साखळ्यांचा) आकडा इतका भरघोस होता की तो खरा वाटेना. ही पद्धत ४९० नॅनोमीटरवर रंग मोजते. तो रंग बुरशीच्या बीटा-ग्लुकनमुळे (तिच्या स्वतःच्या पॉलिसॅकराइडमुळे) येतो, तसाच भाताच्या स्टार्चमुळेही येतो.

चिमूटभर पावडर पाण्यात उकळली, पूर्ण गार केली (गरम असताना रंग टिकत नाही) आणि आयोडीनचे थेंब टाकले. निळंकाळं! म्हणजे भात आत होताच.

मग काढणी बदलली. केशरी दांडे भाताच्या थराच्या वरून कात्रीने कापायचे, तळाचा थर पावडरीत घ्यायचाच नाही. ५० अंशांच्या आसपास वाळवून दळायचं. लॅबला एकूण ग्लुकन आणि अल्फा-ग्लुकन (स्टार्च यातच मोडतो) एन्झाइम पद्धतीने वेगवेगळं मोजायला सांगितलं. वजाबाकी केली की बीटा-ग्लुकन मिळतं. एकूण आकडा उतरला, पण आता तो मशरूमचा आहे. कॉर्डिसेपिन या बुरशीतल्या खास घटकाची गोष्ट वेगळी: त्याला एचपीएलसीच (घटक वेगळे करून मोजणारं तंत्र) हवं, २६० नॅनोमीटरवर, शुद्ध स्टँडर्डशी ताडून.

लेबलवर आता अल्फा आणि बीटा दोन्ही छापतो. पैसे मोजून औषधी म्हणून घेणाऱ्याला हे कळायलाच हवं.