हनोईतून सायकल दौरा सुरू करण्याआधीचे तीन दिवस

मराठवाड्यातून सायकल घेऊन व्हिएतनामला निघालेली मंडळी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : हनोईत उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी निघालं तर चालेल का? चालणार नाही. तीन दिवस शहराला द्या. हे दिवस आराम करायला किंवा फोटो काढायला असतात असं कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. तिथली वाहतूक उजव्या बाजूने चालते आणि आपला जन्म डाव्या बाजूने चालवण्यात गेलाय. ती सवय मोडायला हे तीन दिवस आहेत. बाकीची कामं जाता जाता होतात, म्हणून ती आधी उरकून टाकतो.

सायकल पुठ्ठ्याच्या खोक्यात भरा. सायकलच्या दुकानात रिकामी खोकी असतात, मागितली की मिळतात. पेडल काढताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, सोडवून फडक्यात गुंडाळा आणि आतल्या बाजूला बांधा. मुंबईपर्यंत ट्रॅव्हल्सच्या डिकीत खोकं आडवं टाकावंच लागलं, तर चेनची बाजू वर हवी. पॉवर बँक खोक्यात नको, हातातल्या बॅगेत ठेवा.

जुन्या शहराला लागून असलेल्या होआन कीएम तळ्याभोवतीचे रस्ते शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारी रात्रीपर्यंत गाड्यांना बंद असतात. त्या वेळात पोहोचलात तर टॅक्सी लांबच सोडते आणि खोकं ओढत न्यावं लागतं. जुन्या शहरातली घरं अरुंद आणि खोल असतात, त्यामुळे सायकल खालच्या मजल्यावर ठेवू देतील का, हे खोली घेण्याआधीच विचारा.

तिथलं चलन डोंग. २०,००० डोंगची आणि ५,००,००० डोंगची, दोन्ही नोटा निळसर. वेगवेगळ्या खिशात ठेवा.

शाकाहारी असाल तर ‘क्वान चाय’ अशी पाटी शोधा. साध्या खानावळीत नुसत्या भाजीवरसुद्धा माशाचा सॉस पडतो. त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला बरेच लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी सोय सहज होते. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि दोन दिवसांचे धपाटे असले की पुरे.

आणि उन्हाचं. बेचाळीस अंशात सायकल चालवणाऱ्यांना हनोईचा उन्हाळा किरकोळ वाटतो. पण आपलं ऊन कोरडं, तिथलं दमट. घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही. मे ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर मीठ-साखरेचं पाणी पहिल्या दिवसापासूनच घ्या.

आता मुख्य काम.

सगळे सांगतात, हनोईत मोटारसायकलींची गर्दी भयंकर, सांभाळा. हा सल्ला अर्धवट आहे. गर्दी तुम्हाला चुकू देत नाही. पुढे शंभर स्कूटर उजवीकडून चालल्यात म्हटल्यावर तुम्हीही उजवीकडूनच जाता. एका चालीने, एका रेषेत चालवत राहा, लोक वळसा घालून जातात. घात होतो तो रिकाम्या रस्त्यावर. पहाटे हॉटेलच्या गल्लीतून बाहेर पडताना, चहा पिऊन परत सायकलवर बसताना, पेट्रोल पंपावरून निघताना. पुढे कुणी नसतं, डोक्यात पुढचा रस्ता असतो आणि हात आपोआप डावी बाजू धरतात. मला या गोष्टीने फार छळलंय. म्हणून सांगतो, थांबून पुन्हा निघताना दर वेळी तोंडाने ‘उजवीकडे’ म्हणा. मोठ्याने म्हणा. हँडलवर उजवीकडे बाण दाखवणारी चिकटपट्टी लावा.

त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे दचकल्यावर काय होतं ती. समोरून अचानक कुणी आलं की आपण डावीकडे दाबतो. जालना रोडवर ट्रक अंगावर आला तर त्यानेच जीव वाचतो. हनोईत डावीकडे दाबणं म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीखाली जाणं. ही सवय तीन दिवसांत पुसली जात नाही, म्हणून तिच्या जागी दुसरी बसवा : दचकलं की हँडल सरळ आणि दोन्ही ब्रेक. मोकळ्या जागेत सोबत्याला अचानक आडवं यायला सांगा आणि हे पुन्हा पुन्हा करा. पहिल्या दिवशी खांदा डावीकडे ओढलेला तुम्हाला स्वतःलाच जाणवेल.

सायकलवर चढण्या-उतरण्याचं कुणीच सांगत नाही. आपण डावीकडून उतरतो आणि आपल्याकडे रस्त्याची कडही डावीकडेच असते. तिथे डावीकडे उतरलात तर पाय थेट वाहतुकीत पडतो. साइड स्टँडही डाव्या बाजूला, म्हणजे बॅगांनी जड झालेली सायकल रस्त्याच्या बाजूला झुकते. ती भिंतीला टेकवा. सिग्नलला टेकायचा पाय आता उजवा, आणि त्याच बाजूला चेन असल्यामुळे पहिल्या दिवशी पोटरीवर ग्रीसचे दात उमटतात. डिरेलरही उजवीकडेच, त्यामुळे फूटपाथच्या उंच कडेला घासून चालवू नका, हातभर अंतर ठेवा. उजवीकडून चढायचं, उजवा पाय टेकायचा, याचा सराव गावातल्या मैदानावर महिनाभर आधीच सुरू करा. आरसा उजव्या हँडलवरून काढून डाव्या हँडलवर लावा. रस्ता ओलांडताना मान आधी डावीकडे.

चौकात डावीकडे वळायचं असेल तर रस्त्याच्या मधोमध जाऊन उभं राहू नका. सरळ पलीकडे जा, कोपऱ्यात थांबा, सायकल फिरवा आणि पुढच्या हिरव्या दिव्याला निघा. मागे भरलेल्या बॅगा असताना मला दुसरी कुठलीही पद्धत मान्य नाही. आपल्याकडे ‘लेफ्ट फ्री’ असतं तसं तिथे उजवं वळण आपोआप मोकळं नसतं. बाणाचा दिवा किंवा तशी पाटी असेल तरच लाल दिव्यावर वळा. २०२५ च्या जानेवारीपासून सिग्नल तोडण्याचे दंड खूप वाढलेत.

सरावाची जागा म्हणजे वेस्ट लेक. तळ्याभोवती सुमारे १७ किलोमीटरचा फेरा होतो. पहिल्या सकाळी पाच वाजता जा, तेव्हा आपल्याकडे साडेतीनच वाजलेले असतात, पण उठा. देवळात देव उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालतो, तसं तळं उजव्या हाताला ठेवा. मग तुमच्या बाजूने गल्ल्या येऊन मिळत नाहीत आणि वाहतूक कापून डावीकडे वळावं लागत नाही. एक फेरा रिकाम्या सायकलवर, दुसऱ्या दिवशी एक बॅगांसकट. उलटा फेरा दुसऱ्या दिवशी दुपारी घाला, त्यात डावी वळणं शिकता येतात. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात मात्र सायकल आत ठेवा आणि पायी फिरा. रस्ता ओलांडताना सावकाश, एका गतीने चाला आणि मध्येच मागे फिरू नका.

तिसऱ्या सकाळी लाँग बिएन पूल. तांबड्या नदीवरचा हा लोखंडी पूल १९०२ साली बांधून झाला. मधून रेल्वे, दोन्ही कडांनी दुचाक्या आणि सायकली, मोटारींना बंदी. सगळ्या शहरात उजवीकडून चालणारी वाहतूक या पुलावर डावीकडून चालते. दोन दिवस घासून बसवलेली सवय इथेच पुसली जाते, म्हणून मी हा पूल शेवटी ठेवायला सांगतो. चढताना पुढच्या दुचाकीच्या मागे राहा. उतरल्यावर कडेला थांबा, पाय टेका, आरशात बघा, ‘उजवीकडे’ म्हणा आणि मग निघा.

शहराबाहेर पडायला रविवारची पहाट सगळ्यात चांगली. एक्स्प्रेसवेवर सायकलला मनाई आहे, नकाशाने तिकडे वळवलं तरी जाऊ नका. दक्षिणेकडे निन्ह बिन्ह साधारण शंभर किलोमीटर, पण राष्ट्रीय महामार्ग १ वर ट्रक फार, त्यापेक्षा आतले गावरस्ते धरा. आणि तिसऱ्या संध्याकाळी सोबती आडवा आल्यावर खांदा अजूनही डावीकडे ओढत असेल, तर हॉटेलची एक रात्र वाढवा आणि सकाळी पुन्हा तळ्यावर जा.